लीलाम्मा सिस्टरचा पहिला प्रश्न

सुनेनं बाळ पाण्याच्या पिंपात ठेवून वर झाकण लावलं होतं. दिवा स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत त्या दिवशी नळाला पाणी आलं नव्हतं, म्हणून पिंप कोरडं. झाकण उघडलं ते खालच्या खोलीतल्या लीलाम्मा सिस्टरनी. बाळ लालबुंद, पण रडत होतं. मंगल, माझी सून, शांतपणे म्हणाली, "काढू नका. ते लोक न्यायला आलेत."

या सिस्टर आता, महिन्यापूर्वी वारल्या. मूळच्या केरळच्या. सगळी नोकरी ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात केली.

पिंपाच्या त्या प्रकाराच्या आदल्या दिवशी बाळाची पाचवी झाली होती. त्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, म्हणून घरानं जागायचं. आम्ही सगळ्या पेंगलो, मंगल मात्र टक्क जागी. बायकांनी कौतुक केलं. जावेनं तर तिची दृष्ट काढली... दुसऱ्या दिवशी बाळाला पिंपातून काढल्या काढल्या सिस्टरनी विचारलं, "ही झोपली कधी?" कुणालाच सांगता येईना. बाळंत झाल्यापासून तिचा डोळाच लागला नव्हता.

दीर म्हणाले, "बाहेरचं आहे. देवाला कौल लावू. या मद्राशी बाईला आपल्यातलं काय कळतंय?"

"मद्रास नाही, केरळ," सिस्टर म्हणाल्या. "रिक्षा बोलवा."

मंगल इस्पितळात असताना दीर रोज यायचे. वेडी सून परत आणू नका, माहेरी धाडा. मी म्हटलं, "मग दूध तुम्ही पाजा." त्यानंतर आले नाहीत. मंगल बरी होऊन आमच्याच घरी आली.

मला मात्र सिस्टरचं नवल वाटायचं. मराठी तोडकीमोडकी, त्यात शिव्या अस्सल मालवणी, कुठल्याशा पेशंटकडून शिकलेल्या. वॉर्डात नेपाळी, बिहारी, बंगाली, सगळे. एकदा विचारलं, "भाषा कळत नाही, मग वेड कसं कळतं हो?"

"भाषा येत नव्हती तेव्हा झोप बघायचे, जेवण बघायचे. भाषा आली, मग माणसं फसवायला लागली," असं म्हणून हसल्या.

"आणि तुमची झोप कोण बघायचं?"

"इथे आले तेव्हा पहिलं वर्ष मी झोपलेच नाही, मावशी. सगळे विचारायचे, जेवलीस का? जेवत होते ना मी."

म्हणूनच जिन्यात कुणीही भेटलं की त्यांचा पहिला प्रश्न, "झोप लागली?" लोक हसायचे. आता चाळीत कुणी बाळंत होऊन आली की मंगल तिच्या खोलीवर जाते आणि बाळाच्या आधी आईकडे बघून तेच विचारते. मुलगी तिच्या मागे असते, आईपेक्षा उंच झालीय.

त्या दिवसातून दोघी वाचल्या. मंगल आणि पिंपातली ती मुलगी.