खांद्यावर फुटलेली गोळी

लार्च फोर्क गावात कुणी नवी बंदूक घेतली की ती आधी डेल्मर हाउगेला दाखवायला आणायचा. हार्डवेअरच्या दुकानात, खिळे आणि नळाच्या सामानापलीकडे, अगदी मागे त्याचं काउंटर होतं. एकतीस वर्षं तो तिथे उभा होता. कुठल्या बंदुकीत कुठली गोळी घालायची हे गाव त्याला विचारायचं आणि तो देईल ती निमूट घेऊन जायचं. लग्न त्याने केलं नव्हतं. संध्याकाळी घरच्या तळघरात बसून तो जवळच्या माणसांची काडतुसं स्वतःच्या हाताने भरायचा, बंदुकीच्या दारूचा कण न् कण काट्यावर तोलून.

थोरला भाऊ अन्सेल त्याला 'मास्तर' म्हणायचा. त्यात कौतुक थोडं आणि टोमणा फार. अन्सेलचा जन्म लाकडाच्या गिरणीत गेला. दर हिवाळ्याच्या तोंडाशी तो वडिलांची जुनी रायफल घेऊन डोंगरात जायचा आणि एक एल्क, सांबरासारखं पण मोठं हरीण, मारून आणायचा. त्या मांसावर घरचं वर्ष निघायचं. जखमी जनावर मागे टाकून तो कधी परतला नव्हता. निवृत्त झाला तेव्हा गिरणीतल्या सोबत्यांनी वर्गणी काढून त्याला नवी मॅग्नम रायफल दिली. जुन्या रायफलपेक्षा कितीतरी वेगाने गोळी फेकणारी, आणि खांद्याला तसाच सणसणीत धक्का देणारी.

ऑक्टोबरात अन्सेल ती घेऊन काउंटरवर आला. त्याला जड, टणक गोळी हवी होती. डेल्मरने मान हलवली. तुझ्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, जड गोळीचा धक्का तुला सोसायचा नाही, असं त्याने समजावलं. शिवाय आता झाडीत शिरायचं वय राहिलं नाही. कड्यावर बसून पलीकडच्या उतारावर तीनशे वारांवरून मार. एवढ्या लांबून टणक गोळी सुईसारखी आरपार जाते आणि जनावर पळत राहतं. त्यापेक्षा ही हलकी, तांब्याच्या पातळ कवचाची घे. आत शिरली की पसरते आणि जागच्या जागी काम करते.

"आणि जवळून मारायची वेळ आली तर?" अन्सेलने विचारलं.

"येणार नाही," डेल्मर म्हणाला.

उत्तर त्याला ठाऊक होतं. इतक्या वेगाची गोळी जवळून हाडावर बसली, तर पातळ कवच तिथेच फुटतं, आतल्या शिशाचा चुरा होतो आणि जनावर जखमी होऊन पळतं. परक्या गिऱ्हाइकाला त्याने ते हटकून सांगितलं असतं. पण अन्सेलसमोर, आयुष्यात एकदा, त्याला आपलं म्हणणं खरं करायचं होतं. त्याने वीस काडतुसं भरून दिली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी पहाटे अन्सेल एकटा गेला. बुधवारीही परतला नाही तेव्हा त्याच्या बायकोने, वर्नाने, डेल्मरला फोन केला. गुरुवारी सकाळी शोधायला निघालेल्या सात जणांत डेल्मर होता. कड्यावर कुणी बसल्याची खूणही नव्हती. अन्सेल सवयीप्रमाणे सरळ झाडीत शिरला होता. तिथे बर्फात रिकामं काडतूस सापडलं, आणि पुढे एल्कचे केस व रक्ताचे थेंब. इतर लोक माग काढत पुढे गेले. डेल्मर मागे राहिला आणि काडतुसापासून त्या केसांपर्यंत पावलं मोजत चालला. अडतीस भरली.

रक्ताचा माग तुटक होता आणि त्याच्या शेजारून अन्सेलच्या बुटांचे ठसे दोन दऱ्या ओलांडून गेले होते. पाऊल हळूहळू आखूड होत गेलं होतं. तिसऱ्या चढावर तो एका फरच्या झाडाला पाठ टेकून बसलेला मिळाला. रायफल मांडीवर होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. थंडीने गारठायच्या आधीच गेला असावा. एल्क काही मिळाला नाही.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी लेस्टर प्रूइट नावाच्या शिकाऱ्याने त्याच दऱ्यांपैकी एकीत एक लंगडा एल्क मारला. खांद्याचा कुजलेला भाग त्याने कापून पिशवीत घातला आणि काउंटरवर आणला. असं कशाने झालं ते डेल्मरच सांगेल, म्हणून. डेल्मरने चाकूने मांस बाजूला केलं. हाडाला भेग होती, पण ते तुटलं नव्हतं. भोवती तांब्याच्या कपच्या आणि शिशाचे बारीक कण रुतले होते.

"हलकी गोळी," तो म्हणाला. "जवळून मारलेली."

"कुठल्या गाढवाने भरली असेल?" लेस्टरने विचारलं.

"मी," डेल्मर म्हणाला. लेस्टर पिशवी तिथेच ठेवून गेला.

त्याच संध्याकाळी डेल्मर वर्नाकडे गेला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने सगळं सांगितलं. ठाऊक असून बोललो नाही, हेही सांगितलं. वर्ना रडेल किंवा त्याला बाहेर काढेल असं त्याला वाटलं होतं. ती कॉफीच्या कपावर हात शेकत बसली होती.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "काडतुसं घेऊन आला तेव्हाच म्हणाला, ही झाडीत चालायची नाहीत. मी म्हटलं, मग जा, बदलून आण. तर म्हणे, राहू दे, मास्तरने एवढं खपून केलंय, त्याला वाईट वाटेल."

वर्ना उठली, त्याचा कप उचलून सिंकमध्ये ठेवला आणि रस्त्यावर बर्फ वाढायच्या आत निघ म्हणाली.

जानेवारीत त्याने काउंटर सोडलं. आता तो दुकानात पुढे रंगाचे डबे विकतो. जुने लोक अजून गोळ्यांचं विचारतात. नवा माणूस आहे मागे, त्याला विचारा, एवढंच तो सांगतो. रविवारी वर्नाकडे जाऊन लाकडं फोडून देतो. ती खिडकीतून बघते. किती झाली, ओली आहेत का, तेवढं दोघं बोलतात. जेवायला थांब, असं तिने अजून म्हटलेलं नाही, आणि तोही कधी थांबलेला नाही.