कानांनी खेळलेला डाव

आमच्या जिजी सोंगट्यांचा डाव कानांनी खेळत. कल्याणच्या आमच्या घरी थंडीत पट माजघरात मांडला जाई, कारण ओसरीवर खाडीचा वारा झोंबायचा. मधे शेगडी, एका बाजूला माझे सासरे, म्हणजे मामंजी, आणि समोर शेजारचे शास्त्रीबुवा. जिजी स्वयंपाकघरात चुलीशी. बाहेर कवड्या पडल्या, कोणी "दहा" म्हणालं, की आत जिजी हळूच म्हणायच्या, "आता पिवळी काढा हो, लाल नको." बाहेर लालच निघायची, चार दानांत मरायची, आणि जिजी तव्यावरची पानगी उलटायच्या. पट त्यांना दिसत नसे, पण कोणती सोंगटी कोणत्या घरात बसली आहे ते सगळं डोक्यात असे.

जिजी मामंजींच्या थोरल्या भावाची बायको. पट मुळात त्यांचाच. लग्नात माहेरून आणलेला, लाल अलवानाच्या कापडावर हिरवी घरं त्यांनी स्वतः शिवलेली. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी नवरा-बायको शेगडीशी बसून खेळत, असं त्या मला सांगायच्या. थोरले मामंजी गेले आणि जिजींचे केस गेले, कुंकू गेलं, त्याबरोबर पटही गेला. धाकट्या दिरानं तो आपल्या पेटीत ठेवला. "विधवेला कशाला हवाय खेळ?" एवढंच म्हणाले. त्यानंतर जिजींनी कधी काही मागितलं नाही. पण "पट माझा आहे" हे वाक्य त्या दर थंडीत एकदा तरी माझ्यापाशी म्हणत, आणि म्हणताना पीठ जरा जोरानं मळत.

त्यांच्या हातची पानगी खाल्लेलं माणूस दुसरीकडे समाधानानं जेवत नसे. तांदळाचं पीठ, गूळ, वेलदोडा, केळीच्या पानात थापून तव्यावर भाजायची आणि वर लोणी. शहाडच्या बायका वालाच्या शेंगा घेऊन आल्या की त्या दिवशी बिरडंही. मामंजी कचेरीतून येताना नाक वर करूनच दारात शिरत.

पौषातली ती संध्याकाळ मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. एक कवडी घरंगळत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली. जिजींनी ती उचलून परत सारली. झालं! मामंजी शास्त्रीबुवांसमोर कडाडले, "वहिनी, सोवळ्यात कवडीला शिवलात? या घरात सोंगट्या-कवड्यांना शिवेल त्यानं विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय चुलीवरचं खायचं नाही, शिजवायचंही नाही!" शास्त्रीबुवांनी मान डोलावली. जिजी विहिरीवर गेल्या. गार पाणी अंगावर घेऊन आल्या तेव्हा त्यांचे ओठ काळेनिळे झाले होते. मी नवी सून, गप्प बसले. त्याचा मला अजून स्वतःचा राग येतो. मामंजींचा तर येतोच.

दुसऱ्या दिवशी डाव संपता संपता पानगीचा वास माजघरात दरवळला. मामंजींनी नेहमीसारखे हातपाय धुतले, सोवळ्याचा मुकटा नेसले आणि पाटावर बसायला आले. जिजी उंबऱ्यात उभ्या.

"भावजी, सोंगट्यांना शिवलात ना?"

"मग?"

"विहिरीवर जा. तुमचाच नियम आहे. शास्त्रीबुवा, खरं ना?"

शास्त्रीबुवांना खरं म्हणावंच लागलं. मामंजींनी गरम पाण्याचं विचारलं, तर जिजी शांतपणे म्हणाल्या, "काल मला गारच चाललं." पंक्तीत सोवळ्याबद्दल मोठमोठ्यानं बोलणारा माणूस; नाही कसं म्हणणार? विहिरीवरचं त्यांचं "हर हर" चौथ्या घरापर्यंत ऐकू गेलं. मी पदर तोंडात कोंबून हसले. असं आठ दिवस चाललं. डाव रंगात आला की जिजी नेमकी तेव्हाच पानगी तव्यावर टाकत.

नवव्या दिवशी मामंजी खोकत होते. त्यांनी युक्ती काढली. पटापासून हातभर लांब बसले. कवड्या टाकायच्या शास्त्रीबुवांनी, सोंगट्या हलवायच्या त्यांनीच, मामंजी नुसते तोंडानं सांगणार. "तोंडानं खेळलं तर विटाळ नाही," ते उंबऱ्याकडे बघत म्हणाले.

"नक्की ना?" जिजींनी विचारलं. "शास्त्रीबुवा, ऐकलंत?"

"ऐकलं. दोष नाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

"मग उद्या माझा डाव मांडा. सूनबाई कवड्या टाकेल, सोंगट्याही तीच हलवेल. मी जिंकले तर पट माझ्या पेटीत."

मामंजी हसले. बायकांच्या समोर हसतात तसं हसले. आणि हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पटाशी बसले; मामंजींच्या कवड्या-सोंगट्या शास्त्रीबुवांच्या हाती, मामंजी लांबून तोंडानं सांगणार. जिजी सोवळ्याची धाबळी नेसून चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. एकदाही वळल्या नाहीत. मी दान सांगायचे, त्या तव्यावरून नजर न काढता सांगायच्या, "पिवळी पुढं घे. तिथंच थांब." मामंजी पट डोळ्यांसमोर असून घाबरे झाले. शेवटी त्यांची काळी घराच्या तोंडाशी आली. मी कवड्या टाकल्या. "जिजी, पंचवीस!"

"हिरवी उचल. भावजींची काळी पंचविसाव्या घरात बसली आहे. मार तिला."

मी मोजलं. बरोबर पंचवीस. मारली! त्यानंतर डाव राहिलाच नाही. हरल्यावर मामंजींना पानगी मिळाली, गरम, लोण्यासकट. जिजींनी स्वतः वाढली आणि म्हणाल्या, "खा भावजी. गार होऊ देऊ नका. गार वाईट असतं." मी सोंगट्यांना शिवले होते, म्हणून मला आंघोळ होती; पण माझ्यासाठी चुलीमागे पाण्याचा हंडा तापत ठेवला होता.

त्यानंतर सात थंड्या आम्ही दोघी तसंच खेळलो. आठव्या वर्षी, थंडी सुरू व्हायच्या आधीच, जिजी गेल्या. पट माझ्या हातात देऊन गेल्या. "मागतील ते," एवढंच म्हणाल्या.

मागतात. शास्त्रीबुवाही आता नाहीत, मामंजी थकले आहेत, अंथरूण ओसरीजवळच्या खोलीत आहे. त्यांना पानगी मी वेळेवर देते, बंडी देते, शेगडी देते. त्यात कसूर नाही. पण पौष आला की त्यांचं सुरू होतं, "सूनबाई, पट मांडतेस का इथं?"

मी म्हणते, "मामंजी, सोंगट्यांना शिवलं की विहिरीवर जावं लागतं. या वयात सोसायचं नाही तुम्हाला."

मग मी माजघरात एकटीच पट मांडते, दोन्ही बाजूंनी खेळते आणि दानं मोठ्यानं सांगते. मामंजी भिंतीपलीकडून कान देऊन ऐकत असतात. दोन-चार दानांतच कोणती सोंगटी कुठं, ते त्यांच्या डोक्यातून निसटतं. "काळी कुठं आहे गं आता?" ते विचारतात.

मी सांगत नाही.