अर्लिंग्टनच्या बाकावरची टोपी

आमच्या ईराला सतरा पूर्ण झाली आणि तिनं अमेरिकेच्या सैन्यात जायचा फॉर्म आणला. अठराच्या आत आई-वडील दोघांची सही लागते. माझ्या नवऱ्यानं, नितीननं, दोन दिवस येरझाऱ्या घालून केली. मी म्हटलं, आधी अर्लिंग्टनला जाऊन येऊ. सैनिकांच्या कबरींच्या रांगा पाहिल्या की पोरीच्या डोक्यातलं खूळ आपोआप उतरेल, असा माझा बेत होता.

तुम्ही जाणार असाल तर गाडी नेऊ नका. अ‍ॅशबर्नहून मेट्रोची सिल्व्हर लाइन पकडा आणि रॉस्लिनला ब्लू लाइन घ्या. तिकीट नाही, पण ओळखपत्र हवं. आत खायला बंदी, म्हणून पोळीभाजीचे रोल आम्ही बाहेरच संपवले. ऊन फार, टोपी न्या. माझी घरीच राहिली होती.

टेकडीवरच्या त्या रांगा पाहून धीर सुटला तो माझाच. ईरा एकेक दगड वाचत सावकाश चालली होती. "नाइन्टीन," एका दगडावरच्या तारखांवरून वय मोजून ती एकदाच म्हणाली.

खाली फाटकाजवळ सैन्यातल्या स्त्रियांचं स्मारक आहे. तिथल्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांच्या डोक्यावर माजी सैनिकाची टोपी. अठरा वर्षांत इथली रीत माझ्या अंगवळणी पडली आहे. मी पुढे होऊन त्यांना म्हणाले, "थँक यू फॉर युवर सर्व्हिस."

ते हसले. "हिला सांगा. टोपी हिची आहे, माझ्या टकलाला ऊन लागतं म्हणून दिली. ही वाळवंटात लष्कराचा ट्रक चालवायची, तेव्हा मी घरी पोरांचे डबे भरत होतो."

"आई, सीरियसली?" ईरा पुटपुटली. बायकांच्या स्मारकासमोर उभी राहून मी पुरुषाचे आभार मानले होते. फार ओशाळले.

"सवय आहे," आजी म्हणाल्या. "गाडीच्या नंबरप्लेटवर 'स्त्री माजी सैनिक' लिहिलेलं पाहूनही लोक यालाच विचारतात, कुठल्या युद्धात होतात."

मी धीर करून विचारलं, "तुमच्या आईला काय वाटलं होतं?"

"ती निरोप द्यायला आलीच नाही. मला वाटलं, तिला माझी लाज वाटते. ती घाबरली होती, हे मला ती वारल्यावर मावशीनं सांगितलं."

परतीच्या मेट्रोत मी ईराला सांगून टाकलं, "मला भीती वाटते गं."

"मी टू, आई," ती म्हणाली आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

घरी आल्यावर चहा ठेवायच्या आधी सही केली. पटलं म्हणून नव्हे. युद्ध मला आजही नकोच आहे. पण तिनं जाताना माझ्याबद्दल चुकीचं काही मनात नेऊ नये. सही वाकडी आली.

ईरानं कागद उजेडात धरला. "इट्स फाइन, आई. घेतील ते."

घेतील. त्याचीच तर धास्ती आहे.