बोहल्यावर उभी राहिलेली सुलभा

इंदिरानगरच्या आमच्या वाचनालयात मी हल्ली तोंड लपवून जाते. का, ते सांगते. पण हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल.

वाचनालयाच्या गाडगीळ मॅडमचा फोन आला. "एका कादंबरीच्या लेखिका येणार आहेत. वाचकांतर्फे तुम्हीच बोला." आता आमच्या वन्सं, म्हणजे पंचवटीतल्या माझ्या थोरल्या नणंदबाई, माझं लग्न झाल्यापासून म्हणतायत, "तुला सिरियलपलीकडे काही कळत नाही." अशी संधी मी सोडते होय? मुद्दाम त्यांना बोलावलं. पहिल्या रांगेत बसा म्हटलं.

कादंबरी घरी आणली. वाचनालयाची पुस्तकं कशी असतात, माहीत आहे ना? मुखपृष्ठ गेलेलं, वर जाड पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर नुसता नंबर. वाचायला बसले आणि डोकंच फिरलं.

सुलभा नावाची मुलगी. घरच्यांशी भांडून विलासशी लग्न ठरवते. बोहल्यावर उभी राहते, आणि हा विलास काही येत नाही. ती म्हणते, आता मी वाट बघणार नाही. मी श्वास रोखून पान उलटलं, तर पुढे काय? कळवणजवळची कांदे साठवायची चाळ. तिथे विलास निवांत कांदे निवडत बसलाय.

पानांचे आकडेही पुन्हा एकपासून. म्हटलं, भाग दुसरा असेल. पुढे विलासची बायको आली, पोरं आली, भावकीतली भांडणं आली. सुलभाचं नाव शेवटपर्यंत नाही. अहो, ती अजून उभीच आहे ना तिथे? तिला कुणी बस तरी म्हणेल की नाही?

बाई असून बाईला असं टांगून ठेवायचं? माझा नुसता तिळपापड झाला.

कार्यक्रमाला लेखिका समोरच बसलेल्या. पांढरे केस, सुती साडी, प्रेमळ चेहरा. पण मी काही विरघळले नाही.

"नवरी उभी करून ठेवून तुम्ही कांद्याच्या चाळीत काय करत होतात?" मी विचारलं.

लेखिका गोंधळल्या. "कुठली चाळ?"

"विसरलात? कळवणची. आणि स्पष्टच सांगते, ती चाळच उत्तम उतरलीय. काय ती माणसं, काय त्यांचं बोलणं. सुलभाची सगळी पानं फाडून टाकली असती तरी काही बिघडलं नसतं. खरी कादंबरी नंतरच सुरू होते."

वन्सं चक्क मान डोलवत होत्या. मला आणखीच चेव आला. "सुलभा लिहिणाऱ्या हाताने कांदा लिहिला, यावर माझा विश्वासच बसत नाही."

"पुस्तक बघू जरा," लेखिका म्हणाल्या. पानं उलटली आणि गाडगीळ मॅडमना जवळ बोलावलं. मॅडमनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, बारीक पुस्तकं आम्ही दोन-दोन एकत्र बांधून घेतो, टिकतात म्हणून. बाइंडरने दुसऱ्या पुस्तकाचं नावाचं पानच काढून टाकलेलं दिसतंय."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे सुलभा माझी," लेखिका म्हणाल्या. "ती वाट बघणार नाही म्हणते ना, तिथे माझी कादंबरी संपते. चाळ दुसऱ्या कुणाची तरी आहे, आणि तिथला विलासही दुसराच. तुमचा विश्वास बसत नव्हता, ते बरोबरच होतं."

म्हणजे पाहुण्यांची अख्खी कादंबरी मी त्यांच्या तोंडावर फाडायला सांगितली, आणि तोंडभरून कौतुक केलं ते भलत्याच माणसाचं. वन्संची मान डोलायची थांबली होती. त्या पर्स खांद्याला अडकवून उठायच्या बेतात होत्या.

कार्यक्रम संपल्यावर, काहीतरी बोलायचं म्हणून, मी लेखिकांकडे सही मागितली. वाचनालयाच्या पुस्तकात लिहायला सक्त मनाई असते. गाडगीळ मॅडमनी स्वतःचं पेन काढून दिलं. सुलभाच्या शेवटच्या पानावर लेखिकांनी सही केली आणि खाली लिहिलं, 'सुलभा इथून घरी गेली. वाचकांनीही जावे.'