जीपच्या पुढे चालत

माझ्या डाव्या घोट्यावर दोन वर्षं एक जखम होती. रुपयाएवढी, ओली, हट्टी. साखर तपासून झाली, पाला बांधून झाला, मलमं संपली. शाळेत दिवसभर फळ्यापुढे उभी राहणारी मी, आणि भाताच्या आवणीला घरच्या शेतात सगळ्यांत झपाट्यानं रोपं लावणारी. सासूबाईंनी जाहीर करून टाकलं, "औंदा तू बांधावर बस, भाकऱ्या सांभाळ." मला इतका राग आला, की त्या दिवशी जेवलेच नाही.

डहाणूच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. दोष नसेत निघाला. नसेतल्या झडपा बिघडल्या होत्या, रक्त वर चढायचं सोडून घोट्याशी साचत होतं. ती नस लेझरनं आतून बंद करायची, चिरफाड नाही. मार्चमध्ये ते झालं. गुडघ्यापाशी एक टोचा, मग इंजेक्शनांची रांग, आणि तासाभरात काम संपलं. पायात घट्ट मोजा चढवून डॉक्टर म्हणाले, "आता चाला. रोज चाला. झोपून राहायचं नाही."

बाहेर नवरा जीप घेऊन उभा. मागे चक्क गादी अंथरलेली! आमच्याकडे ऑपरेशन म्हणजे महिनाभर आडवं पडणं. गंजाडपर्यंत मी पुढच्या सीटवर बसून आले आणि नाक्यावर उतरले. तिथून आमचा पाडा अर्ध्या तासावर. मी पुढे चालतेय, मागे जीप रांगतेय.

दवाखान्यातून इतक्या हळू येणाऱ्या जीपमध्ये काय असतं, हे आमच्या पाड्याला ठाऊक आहे. बाया कामं टाकून, तोंडाला पदर लावून रस्त्यावर आल्या. एकीनं तर माझ्याकडे न बघताच, मागच्या जीपकडे बघून गळा काढला.

"अगं, मी जिवंत आहे!" मी ओरडले.

मग काय हसल्या त्या! निम्म्या माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आल्या. मला त्या दिवशी फार भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

जखम आठवड्या-आठवड्यानं सुकत गेली. मे संपता संपता कातडी धरली आणि डॉक्टरांनी चिखलात उतरायची परवानगी दिली. आवणीच्या पहिल्या दिवशी मी कोणाला न विचारता खाचरात उतरले. दुपारपर्यंत माझी ओळ बाकीच्यांच्या कितीतरी पुढे गेली होती.

"जरा हळू गो," सासूबाई कंबर धरून म्हणाल्या, "आमच्यानं नाय होत."

मी हळू झाले नाही.