डाव्या पायाचा रिपोर्ट

"एकच वाक्य आहे," रिक म्हणाला. "तेवढं बदल."

रिक आमच्या बास्केटबॉल टीमचा जनरल मॅनेजर. कुठला खेळाडू घ्यायचा, कुठला सोडायचा, हे ठरवणारा माणूस. त्याच्या टेबलावर माझा रिपोर्ट होता. सात मॅचच्या सेमीफायनलमध्ये आम्ही तीन-दोनने मागे होतो. दुसऱ्या दिवशीची मॅच हरलो की सीझन संपला. आणि मी लिहिलं होतं, 'कॅल्विनला खेळवू नये. तीन आठवडे विश्रांती.'

मी मूळची नागपूरची. अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी केली ती शरीराच्या हालचाली मोजण्यात. टीममध्ये माझं पद स्पोर्ट्स सायंटिस्ट. मी औषधपाणी करणारी डॉक्टर नाही, तरी खेळाडू मला 'डॉक' म्हणायचे. माझं मुख्य काम एका प्लेटवर चालायचं. ही प्लेट जमिनीत बसवलेली असते. खेळाडू तिच्यावर उडी मारतो आणि खाली येताना कुठल्या पायावर किती भार देतो, ते स्क्रीनवर दिसतं. माणूस तोंडाने 'मी ठीक आहे' म्हणतो. दुखरा पाय मात्र अंग चोरतो.

मी रुजू झाले तेव्हा ही टीम लीगमधली सगळ्यात वाईट टीम होती. पहिली तीन वर्षं तर आम्ही जवळजवळ ठरवून हरलो. याला टँकिंग म्हणतात. जी टीम तळाला राहते तिला नव्या खेळाडूंमधून आधी निवड करण्याची संधी मिळण्याची शक्यता जास्त असते, म्हणून चांगले खेळाडू बाकावर बसवायचे आणि हरत राहायचं. उघडपणे कोणी कबूल करत नाही. गणपतीला मंडळात कुलकर्णी काका विचारायचे, "काय गं, चुकून तरी जिंकता की नाही?" मी हसून मोदकाचं ताट पुढे करायची.

त्या हरण्यातून आम्हाला कॅल्विन मिळाला. एकोणीस वर्षांचा, काटकुळा, बोलायला लाजणारा. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन प्लेटवर उडी मारायचा आणि विचारायचा, "डॉक, कालच्यापेक्षा उंच?" बहुतेक वेळा उंचच असायची. त्याच्याबरोबर टीमही वर चढली. पाचव्या वर्षी स्टेडियम भरायला लागलं. सातव्या वर्षी कुलकर्णी काका माझ्याकडे तिकिटं मागायला लागले. माझी मुलगी रेवा शाळेत कॅल्विनची जर्सी घालून जायची.

आणि आठव्या वर्षी, ऐन सेमीफायनलमध्ये, त्याचा डावा पाय अंग चोरायला लागला. पहिल्या दिवशी थोडंसं. मग रोज थोडं जास्त. स्कॅनमध्ये पायाच्या हाडात केसासारखी एक रेघ दिसत होती. टीमचे डॉक्टर म्हणाले, "जुनी असेल, नवी असेल. तुझे आकडे काय म्हणतात?" आकडे स्पष्ट होते. मी रिपोर्ट लिहिला.

"काय बदलू?" मी रिकला विचारलं.

"'मिनिटं मर्यादित ठेवून खेळवता येईल,' असं लिही. आम्ही कमीच खेळवू."

"रिक, हाड आहे ते. मिनिटं मोजून मोडत नाही."

"तू शंभर टक्के सांगू शकतेस का, की ते मोडेल?"

शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही, हे त्याला माहीत होतं. मी म्हणाले, "नाही."

"मग झालं तर. आठ वर्षं आपण या एका मॅचसाठी काढलीत."

मला त्याच वेळी उठून जाता आलं असतं. 'तुला हवं ते तू तुझ्या नावाने लिही' असं म्हणता आलं असतं. मी त्याच्यासमोर लॅपटॉप उघडला आणि वाक्य बदललं. खरं सांगायचं तर मलाही ती मॅच हवी होती.

दुसऱ्या दिवशी वॉर्मअपच्या आधी कॅल्विन माझ्याकडे आला. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"डॉक, पाय ओके आहे ना?"

"मिनिटं कमी ठेवणार आहेत तुझी," मी म्हणाले.

त्याने जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं. त्याला ते कळलं नाही. त्याने मान हलवली आणि गेला.

मॅच बरोबरीत होती. कमी मिनिटांचं कोणाला आठवलंच नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो बॉलसाठी उडाला आणि खाली आला. आसपास कोणी नव्हतं, कोणाचा धक्का नाही. तो हळूच खाली बसला आणि पाय दोन्ही हातांनी धरला. आम्ही मॅच हरलो.

घरी रेवा सोफ्यावर बसून रडत होती. म्हणाली, "आई, डिडन्ट यू चेक हिम?"

मी म्हटलं, "केलं होतं."

कॅल्विनची दोन ऑपरेशनं झाली. तो परत आला, पण त्याची उडी परत आली नाही. पुढच्या सीझनला टीम घसरली, कोचला काढलं. कॅल्विनच्या एजंटने जाब विचारला तेव्हा रिकने माझा रिपोर्ट पुढे केला. "आम्ही सायन्सप्रमाणे वागलो." खाली नाव माझं होतं. मग रिकला दुसऱ्या शहरात मोठी टीम मिळाली. मला कोणी काढलं नाही. उलट बढती दिली, डायरेक्टर केलं. सांगितलेलं ऐकणारी माणसं वर जातात, हे तेव्हा मला समजलं.

दहाव्या वर्षी कॅल्विनचा ट्रेड झाला. ट्रेड म्हणजे टीम्सनी आपसात केलेली खेळाडूंची अदलाबदल. बहुतेक वेळा खेळाडूला त्यात कोणी विचारत नाही. तो लॉकर रिकामं करायला आला तेव्हा मी मुद्दाम तिथे थांबले.

"तुला माहीत होतं, डॉक?" त्याने बूट पिशवीत टाकत विचारलं.

"हो. आधी 'खेळवू नका' असं लिहिलं होतं मी. मग बदललं."

त्याने दुसरा बूटही पिशवीत टाकला.

"मी कदाचित तरीही खेळलो असतो," तो म्हणाला. "पण ते मी ठरवायला हवं होतं."

त्याने चेन ओढून पिशवी बंद केली. हात मिळवला नाही. मी अपेक्षाही केली नव्हती.

त्याच महिन्यात मी राजीनामा दिला. टीम पुन्हा तळाला आहे, पुन्हा ठरवून हरते आहे. मी आता एका युनिव्हर्सिटीत मुलींच्या टीमबरोबर काम करते. इथे मी एक नियम केला आहे. रिपोर्ट तयार झाला की पहिली प्रत खेळाडूच्या हातात, तिला समजेल अशा भाषेत. कोचला दुसरी. कोचला हे आवडत नाही. नियम चांगला आहे. मला तो दोन वर्षं उशिरा सुचला.