ब्रश खिशातच राहिला

माजरीच्या खाणीजवळ आमचं घर. कॉम्प्युटर मंदावला की भद्रावतीहून दुरुस्तीवाला येतो. आधी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवतो, ताप पाहावा तसा. मग डबा उघडून पंख्यातली कोळशाची धूळ ब्रशने कागदावर काढून दाखवतो. "पाहा भाऊ, तुमच्या आधी हाच खाणीत कामाले लागला!"

काल डबा उघडला, पण ब्रश खिशातच राहिला.

"डिस्कच मरून राह्यली, भाऊ. काय वाचवू सांगा."

मी घरातला पहिला पदवीधर. म्हणालो, "नोकरीचे अर्ज."

पेनड्राइव्ह लावून तो तीन तास बसला. एकही अर्ज सोडला नाही. शेवटी त्याने हळूच विचारलं, "यातला एखादा लागला काय, भाऊ?"

"नाही."

त्या मेलेल्या डब्याचे चारही स्क्रू त्याने नीट आवळले.